फ्लॅटची किंमत किती सांगायची? हिशेब घेणाऱ्याच्या खिशापासून सुरू करा

पुण्याजवळच्या वाकड, ताथवडे, पुनावळे या पट्ट्यात चारशे-पाचशे फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये एका वेळी आठ-दहा टूबीएचके विकायला असतात. नकाशा तोच, टाइल्स त्याच, क्लबहाऊस तेच. फरक काय तो मजल्याचा, पार्किंगचा आणि खिडकीतून बाग दिसते की समोरच्यांचं किचन याचा. शिवाय रस्त्यापलीकडे नवा टॉवर चढतोय आणि त्याच्या सेल्स ऑफिसात कॉफी फुकट आहे. एवढ्या गर्दीत मालक किंमत ठरवतात ती बहुतेक वेळा दोनच प्रकारे. एक, सी विंगवाल्यांनी पोर्टलवर ९८ लाख टाकलेत म्हणून आपण एक कोटी टाकू. दुसरा, कर्ज ३० लाख फेडायचंय, नव्या घराला २५ कमी पडतायत, म्हणजे एवढे तरी सुटलेच पाहिजेत.

सी विंगवाल्यांचे ९८ अजून कुणी दिलेले नाहीत, म्हणून तर ते पोर्टलवर आहेत. आणि तुमचं कर्ज किती उरलंय याच्याशी घेणाऱ्याला काहीच देणंघेणं नाही. या भागातलं गिऱ्हाईक बहुतांशी नोकरदार जोडपं असतं. त्यांना महिन्याचा हप्ता झेपतो, पण एकरकमी स्वतःचे पैसे उभे करताना दम निघतो. व्यवहार अडतो तो तिथे. म्हणून किमतीचं गणित तिथूनच उलटं करत आणायचं.

उदाहरणासाठी एक फ्लॅट धरू: वाकड, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ७५० चौरस फूट, नववा मजला, एक कव्हर्ड पार्किंग, इमारत बारा वर्षांची. फ्लॅटचे भाव समजुतीपुरते घेतले आहेत, त्या जागी आपल्या सोसायटीचे घाला. नियम आणि टक्केवारी मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

आधी क्षेत्रफळ, मग भाव

पहिली गफलत इथेच होते. ब्रोकर जिना-लिफ्टचा वाटा धरून '१०५० चा फ्लॅट' म्हणतो, मालक बंद केलेली बाल्कनी धरून ८०० सांगतो आणि करारात असतात ६९.७ चौरस मीटर. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट निघतात, म्हणजे ७५०. बँकेचा व्हॅल्यूअर, म्हणजे कर्जासाठी घराचं मूल्य काढणारा, करार आणि मंजूर नकाशा बघतो. ग्रिल लावून आत घेतलेल्या बाल्कनीचे पैसे तो धरत नाही. ८०० च्या हिशेबाने ठरवलेली किंमत तिथे उघडी पडते, आणि तोपर्यंत टोकन होऊन महिना गेलेला असतो.

अजून एक बारकावा. रेरा हा नवा स्थावर मालमत्ता कायदा लागू होण्याआधीच्या, जुन्या मोफा कायद्याखालच्या करारांत कार्पेटमध्ये बाल्कनी धरलेली असते. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, पण बाल्कनी आणि टेरेस येत नाही, ते वेगळं लिहितात. त्यामुळे तुमचे जुने ७५० आणि नव्या टॉवरचे '७०० कार्पेट अधिक ५० बाल्कनी' हे जवळजवळ सारखेच फ्लॅट आहेत. प्रति चौरस फूट भाव काढून तुलना करताना हे विसरलात तर स्वतःचा फ्लॅट उगाच स्वस्त दिसतो आणि मालक किंमत चढवतो.

पोर्टल बघू नका, इंडेक्स टू बघा

पोर्टलवर असतात त्या मागण्या. प्रत्यक्ष किती रुपयांना खरेदीखत झालं ते नोंदणी विभागाकडे असतं, आणि ते कुणालाही बघता येतं. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा आहे. त्यात मिळकतीवरून शोध घ्यायचा: वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर. सर्व्हे नंबर तुमच्या स्वतःच्या करारात सापडेल. तो १३३/२/१ असा असेल तर नुसता १३३ टाकूनही एकदा बघा, कारण प्रत्येक दस्तात तो वेगवेगळ्या पद्धतीने चढवलेला असतो. कॅप्चा पहिल्यांदा नाकारला तर पुन्हा टाका. यादी आली की एकेका दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू, उघडा.

त्यात मोबदला म्हणजे प्रत्यक्ष करारातली रक्कम, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांनी) येणारं मूल्य, क्षेत्रफळ, फ्लॅट नंबर, लिहून देणारा, लिहून घेणारा आणि दोन तारखा असतात. आता चाळणी लावायची. लिहून देणारा बिल्डर असेल तर तो दस्त बाजूला, ती नवी विक्री आहे. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र बाजूला. लिहून देणारा आणि घेणारा यांची आडनावं एकच असतील तर बहुधा घरातला व्यवहार, तोही बाजूला. उरतात ते खरे रिसेल. गेल्या सहा-आठ महिन्यांतले तीन-चार मिळाले तरी पुरे.

तरीही दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, दस्ताची तारीख आणि भाव ठरल्याची तारीख यांत कर्ज मंजुरीचे दीड-दोन महिने गेलेले असतात. जूनमधल्या दस्तातला आकडा एप्रिलमध्ये ठरलेला असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एखाद्या जुन्या सोसायटीत सगळ्या दस्तांचा मोबदला रेडी रेकनरच्या आकड्याला अगदी चिकटून असेल, तर तो प्रत्यक्ष बाजारातला भाव नाही. तिथे उरलेली रक्कम दोन नंबरने फिरली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी मोबदला आणि रेकनर यांत ठळक अंतर असलेले दस्तच विश्वासाचे, कारण ते बहुधा कर्ज काढून घेतलेले असतात.

समजा आपल्या कॉम्प्लेक्समध्ये असे तीन मिळाले: चौथा मजला, कव्हर्ड पार्किंग, ८८ लाख; अकरावा मजला, बागेकडची बाजू, ९३.५ लाख; दुसरा मजला, ओपन पार्किंग, ८६ लाख. आता फरकांचे पैसे लावायचे. बिल्डरने मजल्यामागे चौरस फुटाला २५ रुपये वाढवले होते असं धरलं, तर चौथ्यावरून नवव्यावर जायला ७५० गुणिले १२५, म्हणजे ९३,७५० रुपये होतात. रिसेलमध्ये ते पूर्ण वसूल होतीलच असं नाही, निम्मे ते पाऊण धरावेत. ओपन आणि कव्हर्ड पार्किंगमधला फरक सोसायटीगणिक बदलतो. जिथे दुसरी गाडी रस्त्यावर लावावी लागते तिथे तो दीड-दोन लाखांपर्यंत सहज जातो. मॉड्युलर किचन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर त्याचं मोल शून्य धरा. साडेतीन लाख घातले होते हे खरं असलं तरी घेणारा ते काढून टाकायच्या विचारात असतो.

एवढं केल्यावर आपला नववा मजला ८९ ते ९२ मध्ये बसतो. मनाशी ९१ पक्के करू.

९४ ते १०० लाख: मधली दलदल

आता मुख्य गणित. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत. हे टप्पे कर्जाच्या रकमेवर आहेत, घराच्या किमतीवर नाहीत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. ती घेणाऱ्याने खिशातूनच भरायची. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के, मुंबईत ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये.

यातून एक गंमत होते. ९३.७५ लाखांच्या फ्लॅटला ८० टक्के म्हणजे ७५ लाख कर्ज. एक कोटीच्या फ्लॅटला ७५ टक्के म्हणजे पुन्हा ७५ लाखच. या दोन आकड्यांच्या मधे किंमत कितीही ठेवा, कर्ज ७५ लाखांवर गोठलेलं. वाढवलेला एकेक रुपया घेणाऱ्याच्या बचतीतून येणार.

रुपयांत मांडून बघू. किंमत ८७ वरून ९१ लाखांवर नेली तर घेणाऱ्याच्या खिशातून जास्तीचे जातात ८०,००० रुपये किमतीचे आणि २८,००० मुद्रांक शुल्काचे, एकूण १ लाख ८ हजार. तीच चार लाखांची वाढ ९४ वरून ९८ अशी केली तर ४ लाख २८ हजार. मालकाच्या डोळ्यांना दोन्ही वाढी सारख्याच दिसतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी चौपट महाग आहे. खाली असाच एक पट्टा ३३.३३ ते ३७.५ लाखांचा आहे, तिथे कर्ज ३० लाखांवर अडतं. चाकण, तळेगावच्या छोट्या फ्लॅटवाल्यांनी तो बघावा.

पूर्ण हिशेब असा: ९१ लाखांच्या फ्लॅटला कर्ज ७२.८ लाख, स्वतःचे १८.२ लाख, मुद्रांक शुल्क ६.३७ लाख, नोंदणी ०.३० लाख. एकूण रोकड २४.८७ लाख, ब्रोकरेज वेगळं. ९८ लाखांना हेच ३०.१६ लाख होतात. पंचवीस जमवलेलं गिऱ्हाईक तीसवाल्या फ्लॅटकडे फिरकतही नाही. ते तुम्हाला 'महाग आहे' असंसुद्धा सांगायला येत नाही, कारण त्याने फोनच केलेला नसतो.

घर एकट्या बाईच्या नावावर किंवा सगळ्या खरेदीदार स्त्रियाच असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, म्हणजे ९१ लाखांवर ९१,०००. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की ती जाते. घासाघीस पन्नास-साठ हजारांवर अडकली असेल तेव्हा ही माहिती घेणाऱ्याला द्यावी. तुमच्या खिशातून काही न जाता तिढा सुटतो.

हे सगळं कर्जावर चालणाऱ्या गिऱ्हाइकासाठी झालं. दीड-दोन कोटींच्या पुढे, बाणेर-औंधकडे, बरेच लोक जुना फ्लॅट विकून पैसे घेऊन येतात. तिथे ही दलदल नसते, पण त्यांचा जुना फ्लॅट विकला गेलाय का हा प्रश्न असतो.

समोरच्या नव्या टॉवरशी तुलना

सेल्स ऑफिसात '९२ लाख' सांगितले म्हणजे काय, हे आधी विचारा: नुसती करारातली किंमत की सगळं धरून? नुसती किंमत असेल तर बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४.६ लाख, मुद्रांक शुल्क ६.४४ लाख, नोंदणी ०.३० लाख, एकूण १०३.३४ लाख. आपला ९१ चा रिसेल सगळं धरून ९७.६७ लाख, वर एक टक्का ब्रोकरेज. रिसेलला जीएसटी नाही. ताबा तीन वर्षांनी असेल आणि घेणारा आज २५,००० भाडं भरत असेल तर त्याचे आणखी ९ लाख जातात.

हा हिशेब एका कागदावर लिहून फ्लॅट बघायला येणाऱ्याच्या हातात द्या. तोंडी सांगून उपयोग होत नाही. उलट बाजूही डोळ्यांसमोर असू द्या. बिल्डर 'आत्ता १० टक्के, उरलेले ताब्याच्या वेळी' अशा योजना काढतो आणि सुरुवातीची रोकड कमी करतो. म्हणजे तोही त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. त्यामुळे समोर नवा टॉवर असताना रिसेलची करारातली किंमत त्याच्या करारातल्या किमतीच्या वर ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, बाग कितीही छान दिसत असो.

मागायचे किती

९१ हवे असतील तर ९१ मागून चालत नाही. इथे घासाघीस केल्याशिवाय कुणाला घर घेतल्यासारखं वाटत नाही. पण फट तीन-साडेतीन टक्क्यांचीच ठेवावी, दहाची नको. ९४ मागा. एक कोटी मागून ९१ ला उतरायची तयारी असलेला मालक स्वतःला हुशार समजतो, पण ९०-९५ च्या बजेटमध्ये शोधणाऱ्याला त्याचा फ्लॅट दिसतच नाही. पोर्टलवर बजेटचे खाने गोल आकड्यांवर असतात. '९० लाख ते १ कोटी' शोधणाऱ्याला ९४ दिसतो आणि १ कोटी २ लाख दिसत नाही. किंमत बरोबर गोल आकड्यावर ठेवली तर ती खालच्या आणि वरच्या दोन्ही खान्यांत सापडते, म्हणून १.०१ पेक्षा १.०० बरा.

मुद्दाम खूप कमी किंमत लावून लोकांत चढाओढ लावायची, ही परदेशात चालणारी युक्ती इथे करू नये. ठराविक तारखेपर्यंत बंद पाकिटात बोली द्यायची रीत आपल्याकडे नाही. ८२ ला टाकलात तर लोक विचारतील, 'ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे ना? भावांचं भांडण आहे का? लोन थकलंय का?' कॉम्प्लेक्समधल्या आठ फ्लॅटमध्ये आपण लाख-दोन लाखांनी खाली राहणं मात्र उपयोगी पडतं. रविवारी त्या जोडप्याला ब्रोकर सगळे आठ दाखवणार असतो आणि त्या तुलनेत लाखभरही दिसतो.

चार ब्रोकरना फ्लॅट दिला की पोर्टलवर तोच हॉल, त्याच पडद्यांसकट, ९४, ९६, ९८ अशा तीन किमतींना दिसायला लागतो. घेणारा फोटो ओळखतो आणि ९४ ला फोन करून ९० पासून सुरुवात करतो. सगळ्या ब्रोकरना एकच मेसेज लेखी पाठवा: किंमत, कार्पेट, मजला, पार्किंग, आणि याहून वेगळी किंमत टाकली तर फ्लॅट दाखवणार नाही. आणि 'मला नेट ९० द्या, वर काय ते तुमचं' असं कधीही बोलू नका. वरचे पाच त्याचे झाले की तुमचा फ्लॅट ९५ चा झालाच म्हणून समजा.

काही रक्कम रोखीने मागायचा मोह होतो. तो कायद्याच्या बाहेरचा आहे. स्थावर व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसतो. शिवाय करारातली किंमत खाली गेली की कर्जही खाली जातं, म्हणजे नोकरदार गिऱ्हाईक आपोआप गळालं. उरले ते मोजके.

पहिले तीन आठवडे

नवी जाहिरात पडते त्या दिवशी ती सगळ्यात आधी कोण बघतं? गेले चार महिने त्याच भागात शोधत असलेले लोक. त्यांनी अलर्ट लावून ठेवलेले असतात, ब्रोकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची गरज फिरत असते. भाव त्यांना मालकापेक्षा जास्त पाठ असतो. हे लोक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपतात. त्यानंतर येतात ते नव्याने बघायला सुरुवात केलेले, ज्यांना निर्णय घ्यायला अजून दोन महिने लागणार. म्हणून 'आधी एक कोटी टाकून बघू, नाही आलं कुणी तर उतरवू' यात नुकसान हे होतं की तयार गिऱ्हाईक चढ्या किमतीवर वाया जातं. उतरवलेली किंमत बघायला ते परत येत नाही, तोवर त्याने बी विंगमध्ये टोकन दिलेलं असतं.

तीन आठवड्यांनंतर काय झालं ते बघून ठरवा. फोनच नाहीत, तर किंमत खान्याच्या बाहेर आहे. फोन आहेत पण बघायला कुणी येत नाही, तर जाहिरातीत काहीतरी खटकतंय. बहुधा फोटो अंधारे आहेत किंवा मजला-पार्किंग लिहिलेलं नाही. बघून जातात, दुसऱ्यांदा कुणी येत नाही, तर घरात दोष आहे किंवा किंमत तीन-चार टक्के वर आहे. दुसऱ्यांदा आई-वडिलांना घेऊन येतात, पण आकडा देत नाहीत, तर बहुधा कागद अडलाय. ओसी नसेल तर बऱ्याच बँका कर्जच देत नाहीत. मूळ करार हरवला असेल तर पोलिस तक्रार, वृत्तपत्रात नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, यात महिना जातो. हे सगळं जाहिरातीच्या आधी करून ठेवावं. रंगकामाला दीड लाख घालण्यापेक्षा ते जास्त पैसे मिळवून देतं.

किंमत उतरवायची तर एकदाच आणि जाणवेल एवढी. ९४ चे ९३.५, मग ९३, मग ९२.७५ असं केलं की प्रत्येक पायरी घेणाऱ्याला अजून थांब म्हणते. ९४ वरून सरळ ९० वर या, म्हणजे खालचा खानाही उघडतो.

थांबण्याची किंमतही मांडा. कर्ज ३० लाख उरलं असेल आणि व्याजदर ८.५ टक्के असेल तर महिन्याचं नुसतं व्याज २१,२५० रुपये, वर मेंटेनन्स ४,०००. चार महिन्यांत लाख रुपये गेले. म्हणजे आजचे ९१ आणि चार महिन्यांनंतरचे ९२ सारखेच.

पंचांगाकडेही बघा. पितृपक्षात टोकन द्यायला लोक कचरतात, तेव्हा जाहिरात सुरू करून पहिले तीन आठवडे जाळू नका. दसरा-दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया यांच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करावी. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते, ताबा मेमध्ये हवा असतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीही चांगले. १ एप्रिलला रेडी रेकनर बदलतो. वाढीची कुणकुण असली की मार्चमध्ये नोंदणी कार्यालयात रांगा लागतात.

खालची हद्द

ज्याच्या खाली उतरायचं नाही असा आकडा ठरवताना रेडी रेकनर तपासाच. करारातली किंमत रेकनरच्या मूल्यापेक्षा कमी असेल तरी मुद्रांक शुल्क वरच्या आकड्यावरच बसतं. रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त झालं तर तुमचा भांडवली नफाही रेकनरवरून मोजतात आणि घेणाऱ्याला फरकाच्या रकमेवर आयकर लागतो. रेकनर ९० लाख असेल तर ही रेषा साधारण ८१.८२ लाखांवर येते. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या मजल्यापासून वर रेकनर टप्प्याटप्प्याने वाढतो, तेव्हा मूल्य स्वतःच्या मजल्याचं काढा.

भांडवली नफ्याचा कर किमतीत मिळवू नका. तो घेणाऱ्याचा प्रश्न नाही. पण आपल्याला माहीत हवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून कमी निघेल तो कर भरता येतो: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. २०१४-१५ मध्ये ४८ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ९१ ला विकला, तर निर्देशांक २४० वरून ३७६, म्हणजे खरेदी किंमत ७५.२ लाख धरली जाते. नफा १५.८ लाख, २० टक्के कर ३.१६ लाख. दुसऱ्या पद्धतीने ४३ लाखांवर ५.३७ लाख. दोन्हींवर ४ टक्के उपकर. ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात नफा गुंतवला तर तोही वाचतो.

घेणारा ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. मालक परदेशात राहणारा असेल तर मात्र १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर कापावा लागतो, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर तो पूर्ण किमतीवर कापला जातो. अमेरिका-आखातातल्या मालकांनी ते प्रमाणपत्र गिऱ्हाईक मिळताक्षणी मागावं. ते यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात घेणारा कंटाळून दुसरीकडे जातो.

बसल्यावर

फोनवर 'लास्ट किती?' असं विचारलं तर एकच उत्तर: 'घर बघा, आवडलं तर बसून बोलू.' न बघितलेल्या घराची फोनवर सांगितलेली शेवटची किंमत ही समोर बसल्यावर पहिली किंमत होते.

ते ८५ पासून सुरू करतील. चिडू नका, इंडेक्स टूच्या तीन प्रती समोर ठेवा. उतरताना पायऱ्या लहान करत जा: ९४, ९२.५, ९१.७५, ९१.२५. पायऱ्या आटत गेल्या की समोरच्याला तळ कळतो. पैशाऐवजी वस्तू सोडा: वॉर्डरोब, दोन एसी, गीझर. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० आहे. तो 'मी भरतो' म्हटलं तर २५,००० पेक्षा मोठा वाटतो. ताब्याची तारीखही चलनच आहे. घेणाऱ्याची भाड्याची मुदत संपत असेल तर पंधरा दिवस आधी किल्ली देण्याला लाखाची किंमत येते.

कर्ज मंजुरीचं पत्र हातात असलेल्याचे ९०.५ आणि आधी स्वतःचा फ्लॅट विकायचा असलेल्याचे ९२, यांत मी पहिले घेईन.

ठरल्यावरही एक खड्डा उरतो. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतल्या कमी आकड्यावर कर्ज देते. ९१ ला ठरलं आणि व्हॅल्यूअरने ८५ लावले, तर कर्ज ७२.८ ऐवजी ६८ लाख, म्हणजे ४.८ लाख आयत्या वेळी कमी. व्हॅल्यूअर येईल त्या दिवशी घरी हजर राहा. करार, मंजूर नकाशा, ओसी आणि त्याच इंडेक्स टूच्या प्रती हातात ठेवा. आकडा तरीही कमी आला तर लगेच किंमत पाडू नका. घेणाऱ्याला दुसऱ्या बँकेत अर्ज करायला सांगा, व्हॅल्यूअर बदलला की आकडा बदलतो. आणि हे गृहीत धरून इसार पावतीतच लिहून ठेवा: किंमत, पार्किंगचा नंबर, घरात काय राहणार, करारनामा किती दिवसांत, आणि कर्ज कमी पडलं किंवा नाकारलं गेलं तर टोकन किती दिवसांत, किती परत करायचं.